चेंडू कुणीकडे निघतो

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी दुकानाची किल्ली दिली. क्लबच्या मागचं छोटं दुकान आणि त्याला लागून सरावाची शेड — स्ट्रूअन तिथे चौतीस वर्षं गोल्फ शिकवत होता. आता नवी शिक्षिका आली आहे. इश्बेल टॉड. इथल्याच, स्कॉटलंडमधल्या पर्थकडची. एकोणतीस-तीस वर्षांची असेल. हात गार होता, पण घट्ट मिळवला.

सामान मी आधीच आवरलं होतं. त्याच्या काठ्या, चिकटपट्ट्या, जुना व्हिडिओ कॅमेरा. राहिला होता एक मोटारीचा टायर. नव्या माणसाला स्ट्रूअन आधी चेंडू द्यायचाच नाही. महिनाभर टायरवर काठी आपटायला लावायचा, मनगटं तयार व्हावीत म्हणून. आमच्या किनार्डी गावातल्या निम्म्या लोकांनी तो टायर बडवला आहे.

‘हा कुठे ठेवू, लुम्सडेनबाई?’

मी म्हटलं, टाकून दे.

तिने टाकला नाही. बाजूला सरकवला आणि त्या जागी आपली काळी पेटी मांडली. रडार आहे म्हणे. चेंडू कुणीकडे निघाला, किती फिरला, सगळं मोजतं.

घरी येऊन बटाट्याचं सूप केलं. उद्या स्ट्रूअनला जाऊन बारा आठवडे.

१५ एप्रिल

जाऊन टायर घरी आणला. कशाला, सांगता येत नाही.

२० एप्रिल, ईस्टर

चर्चमधून बाहेर पडताना विनीने गाठलं. विनी गिलख्रिस्ट, क्लबच्या बायकांची कॅप्टन. ती बोलत नाही, हुकूम सोडते.

‘रोना, एकवीस जूनला किटलीची मॅच आहे. विसरली नाहीस ना?’

कशी विसरेन. दर जूनमध्ये आमच्या पाच बायका आणि पोर्टगार्वीच्या पाच बायका. जिंकणाऱ्यांनी तांब्याच्या किटलीत चहा करायचा, खुर्च्यांवर बसून प्यायचा. हरणाऱ्यांनी तोच चहा उभ्याने प्यायचा. एकोणीस वर्षं झाली, आमच्या बायका उभ्या आहेत! आणि नियम असा की, सलग वीस वर्षं जिंकेल त्या गावाची किटली कायमची. हे विसावं वर्ष.

‘आणि जेसी-ॲनला समजाव जरा,’ विनी म्हणाली. ‘ती त्या नव्या मुलीकडे जायलाच तयार नाही. तुझं ऐकेल.’

जेसी-ॲन पिरी आमची सगळ्यांत चांगली खेळाडू. माशांची गाडी चालवते, किनाऱ्यावरच्या चार गावांत. माझ्या वर्गात होती. पदार्थविज्ञानात मी तिला नापास केलं होतं. शेहेचाळीस वर्षांची झाली, अजून मला ‘मिस’ म्हणते. दर वर्षी शेवटचा सामना तिचा असतो. दर वर्षी सतरा होल ती लढते. दर वर्षी अठराव्यावर तिचा चेंडू उजवीकडे वळतो आणि भिंतीपलीकडे जातो.

मी तिथेच तिला विचारलं. आपल्या डब्यातली टॅबलेट नावाची साखर-दुधाची वडी तोंडात टाकत ती म्हणाली, ‘नाही मिस. मास्तरांना मी शब्द दिलाय. बदलणार नाही म्हणजे नाही.’

स्ट्रूअनला सगळं गाव मास्तर म्हणायचं.

२२ एप्रिल

संध्याकाळी फिरता फिरता अठराव्यापाशी गेले. वारा पूर्वेचा, चावरा. जेसी-ॲन एकटीच होती. मी पिवळ्या काटेरी झुडपांच्या आडोशाला उभी राहिले. तिला दिसले नाही.

तिने आधी चर्चच्या सुळक्याकडे पाहिलं. तो डावीकडे. मग झेंड्याकडे. पाय डावीकडे रोखून उभी राहिली. काठीचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, झेंड्याकडे. झोका डावीकडे, सुळक्याच्या रोखाने. स्ट्रूअनने शिकवलं होतं तंतोतंत तसं. आणि चेंडू? चेंडू सुळक्याकडे गेलाच नाही. सरळ झेंड्याच्या रोखाने निघाला, मग उजवीकडे वळत वळत भिंतीपलीकडे, सुट्टीवाल्यांच्या मुक्कामाच्या गाड्यांमध्ये. ठण्ण!

तिने दुसरा मारला. आणखी डावीकडे झोका. आणखी उजवीकडे चेंडू.

बारा चेंडू मारले तिने. मी मोजत होते. मला लाज वाटत होती.

२३ एप्रिल

कशाची लाज, ते लिहून टाकते. हे वाचणारं कुणी नाही.

स्ट्रूअनचा नियम असा: चेंडू निघतो झोक्याच्या दिशेने, आणि मग वळतो काठीच्या तोंडाच्या दिशेने. म्हणून झोका सुळक्याकडे, तोंड झेंड्याकडे — चेंडू डावीकडून निघेल आणि वळून मध्यावर येईल. एकट्या त्याचाच नव्हता हा नियम. त्याच्या सगळ्या पुस्तकांत हेच छापलेलं होतं. त्या काळी सगळे हेच शिकवायचे.

सन १९८६. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात तो मला हा नियम समजावत होता, टेबलावर मिठाची बरणी आणि चमचा घेऊन. मी म्हटलं, ‘हे असं नसणार. चेंडू ज्या पृष्ठभागावर आदळतो त्याच्या समोर निघतो. निघतो तो तोंडाच्या दिशेने. झोका तोंडाशी तिरका असेल तर नंतर वळतो, झोक्यापासून लांब. तू सांगतोस त्याच्या उलट.’

तो हसला. रागावला नाही, नुसता हसला. ‘तू शाळेत शिकव. मी मैदानावर शिकवतो.’

मी फळ्यावर रोज सिद्ध करून दाखवणारी बाई. पण त्या दिवसानंतर घरात हा विषय काढला नाही. एकदाही नाही. भांडण नको म्हणून नव्हे. तो मैदानावरून खूश होऊन घरी यायचा आणि मला ते आवडायचं.

तिकडे जेसी-ॲन वीस वर्षं भिंतीपलीकडे मारत राहिली.

२ मे

आज शेडमध्ये गेले. इश्बेलला टपाल द्यायचं होतं — स्ट्रूअनच्या नावाने काठ्यांची जाहिरात आली होती. निमित्तच.

ती एका म्हाताऱ्या सदस्याला शिकवत होती. शिकवत होती म्हणजे काय, विचारत होती! ‘तुम्हाला काय वाटलं? चेंडू कुठे लागला काठीवर? आता मुद्दाम उजवीकडे मारून दाखवा. आता मुद्दाम डावीकडे.’ म्हातारा हसत होता. स्ट्रूअनच्या तासाला कुणी हसल्याचं आठवत नाही. तो बोलायचा, ते ऐकायचे. डोकं खाली, कोपर आत, गुडघा स्थिर.

आणि स्ट्रूअनच्या गुरूंच्या काळात तर बोलणंही नव्हतं. ॲबरक्रॉम्बी नावाचे होते. दोन वर्षं त्यांची पिशवी खांद्यावर वाहायची आणि बघायचं. बस! स्ट्रूअन सांगायचा, दोन वर्षांत ते त्याला एकच वाक्य बोलले — ‘माझ्या सावलीत उभा राहू नकोस.’

त्या मानाने स्ट्रूअन केवढा पुढे गेला होता. फोटो दाखवायचा. पुढे तो व्हिडिओ कॅमेरा घेतला. शनिवारी मी धरायचे. टीव्हीवर स्वतःची पाठ बघून विनी किंचाळली होती — ‘ही कोण जाडी?’

म्हातारा गेल्यावर मी इश्बेलला विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला. ‘चेंडू कुणीकडे निघतो? झोक्याकडे, की तोंडाकडे?’

‘तोंडाकडे,’ ती म्हणाली. तिच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता. ‘बघायचंय?’

तिने मुद्दाम झोका डावीकडे नेला, तोंड सरळ ठेवलं. पडद्यावर आकडे आले. झोका सहा अंश डावीकडे. तोंड शून्य. चेंडू निघाला — एक अंश डावीकडे. म्हणजे जवळजवळ सरळ. मग उजवीकडे वळला. भरपूर!

‘पूर्वी सगळे उलट शिकवायचे,’ ती म्हणाली. ‘डोळ्यांना दिसतच नाही ना तो क्षण. रडार आल्यावर कळलं.’

मी पडद्यावरचे आकडे परत वाचले.

माझं बरोबर होतं. अठ्ठावीस वर्षं माझं बरोबर होतं!

घरी येताना पावलं हलकी पडत होती. वाटेत एकदा मोठ्याने हसलेसुद्धा — कुत्रा फिरवणाऱ्या बाईने वळून पाहिलं. मग घराचं दार उघडलं. आत तो नव्हता. कुणाला सांगणार?

६ मे

मंगळवारचा बायकांचा वर्ग. इश्बेलने बोलावलं म्हणून गेले.

एकाच काठीने एकाच जागी शंभर चेंडू मारायचे, हा आमचा सराव. तिने तो बंद केला. मैदानभर बादल्या मांडल्या. दर फटक्याला वेगळी बादली, वेगळी काठी. ‘सामन्यात तोच फटका दोनदा कधी मारता का? मग सरावात कशाला?’

विनी चिडली. ‘अगं, आम्हाला जमेना झालंय सगळं!’

‘सरावात चुकू दे. सामन्यात आठवेल.’

आणि कोपर, गुडघा यांचं नावच नाही. बादली बघा, चेंडू बादलीत टाका, शरीर आपलं आपण बघून घेतं. विनीने सातवा चेंडू बादलीत टाकला आणि अशी नाचली की तिची टोपी उडाली.

जेसी-ॲन आली नव्हती. माशांचा वार नव्हता तरी.

१३ मे

इश्बेल म्हणाली, ‘मला आकडे वाचता येतात, पण समजावता येत नाहीत. तुम्ही समजावता का?’

फळा नव्हता. मी शेडच्या दारावर खडूने काढलं. एक रेघ झोक्याची, एक तोंडाची, त्यातला कोन. चौघी कोंबड्यांसारख्या माना वाकड्या करून बघत होत्या. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी शिकवत होते. पाय दुखले नाहीत. घसा बसला नाही. शेवटी विनी म्हणाली, ‘एवढं सोपं होतं तर शाळेत मला का नाही कळलं गं?’

‘शाळेत तू केस विंचरत होतीस,’ मागून कुणीतरी म्हणालं.

फार हशा. मीही हसले. बाजूला उभी राहून इश्बेलने टाळी वाजवली!

रात्रीचं जेवण भरपूर केलं. खिमा, बटाटे, वर सॉस. सगळं संपवलं.

१४ मे

आज उलट. त्याच्या कपाटातला लोकरीचा स्वेटर हाताला लागला. कोपरावर मी लावलेलं ठिगळ. काल मी दारावर जे काढलं, ते त्याच्या विरुद्ध होतं — त्याच्याच शेडच्या दारावर. वाटलं, मी त्याला हरवून आले. आणि तो मैदानात नसताना.

१९ मे

विनीने दोनदा फोन केला. जेसी-ॲन ऐकत नाही. ‘आम्ही चौघी सुधारलोय, रोना. खरंच. पण शेवटचा सामना तिचाच. आणि अठरावं होल कुठे पळून जात नाही.’

फक्त मीच सांगू शकते. मास्तर चुकले होते, हे जेसी-ॲन दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून घेणार नाही. आणि मी सांगितलं की गावभर होईल: स्ट्रूअन लुम्सडेनच्या बायकोनेच म्हटलं, त्याने चौतीस वर्षं चुकीचं शिकवलं. चार महिने झाले नाहीत त्याला जाऊन.

आज सांगितलं नाही.

२१ मे

आजही नाही.

२३ मे, शुक्रवार

सांगितलं.

शुक्रवारी तिची गाडी बंदरापाशी असते. गर्दी सरेपर्यंत मी थांबले. धुरी दिलेला हॅडॉक मासा घेतला. दोन घेतले, सवयीने.

‘आणखी काय, मिस?’

मी म्हटलं, ‘तो ट्रे दे. आणि एक लिंबू.’

तिला वाटलं, मला लिंबू हवंय. मी ट्रे उभा धरला, तोंड सरळ तिच्याकडे, आणि ट्रे डावीकडे सरकवत लिंबाला धक्का दिला. लिंबू डावीकडे गेलं नाही. तिच्याकडे गेलं, फळीवरून घरंगळलं आणि बर्फातल्या माशांवर पडलं.

‘चेंडू असा निघतो,’ मी म्हटलं. ‘झोक्याकडे नाही. तोंडाकडे. तू जितका डावीकडे झोका नेशील तितका तो उजवीकडे वळेल. तुझी चूक नाही. तुला शिकवलंच उलटं. मास्तर चुकले होते.’

ती लिंबाकडे बघत राहिली.

‘हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या नव्या मुलीने?’

‘कुणी नाही. मला आधीपासून माहीत होतं. शहाऐंशी सालापासून.’

‘मास्तरांना सांगितलं होतंत?’

‘सांगितलं होतं.’

‘मग?’

‘हसला.’

तिने पाठ फिरवली. सुरी पुसायला घेतली. पुसली, परत पुसली. मी उभीच. मग मान न वळवता म्हणाली, ‘आजचं बंद मिस.’ आणि झडप खाली ओढली. माझ्या नाकासमोर! हॅडॉक हातात, लिंबू आत.

२४ मे

कुणाचा फोन नाही. वाफे खुरपले.

२५ मे

चर्चमध्ये ती दोन रांगा पुढे होती. वळली नाही. बाहेर पडतानाही थांबली नाही. स्ट्रूअन, मी काय करून बसले!

२७ मे, मंगळवार

आली! 

वर्ग सुरू झाला होता. शेडच्या दारात उभी राहिली, अंगाला माशांचा वास, खांद्यावर पिशवी. सगळ्यांच्या माना वळल्या. ती सरळ इश्बेलकडे गेली.

‘ए मुली, तुझी पेटी चालू कर. मिसनी मला एकदा नापास केलंय, परत व्हायचं नाही.’

पहिले दहा चेंडू तिने नेहमीसारखे मारले. इश्बेल आकडे बघत होती. मला वाटलं, आता हिचा सगळा झोका मोडायला लावणार. पण ती म्हणाली, ‘झोका सुरेख आहे. याला हात लावायचा नाही.’

‘म्हणजे मास्तरांचा झोका तसाच?’

‘तसाच. पूर्वी आम्हीसुद्धा आख्खा माणूस मोडून परत जोडायचो. आता तसं नाही करत. जे चुकतंय तेवढंच बघायचं. फक्त मुठीवर हात जरा उजवीकडे फिरवा. काठीचं तोंड आपोआप डावीकडे येईल.’

एवढंच! बोटभर हात फिरवायचा. वीस वर्षं आणि एक बोट.

पुढचा चेंडू डावीकडून निघाला. डावीकडून निघाला आणि वळून मध्यावर आला. जेसी-ॲनने काठी खाली ठेवली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि शिवी दिली. फार मोठी शिवी. विनी म्हणाली, ‘अगं, मंगळवार आहे!’ — जणू बुधवारी चालली असती.

३ जून

रोज संध्याकाळी अठराव्यावर. जेसी-ॲन मारते, इश्बेल फोनवर चित्रण करते, मी वहीत कोन लिहिते. आज विसातले तेरा मध्यावर. पाच डावीकडे गवतात. दोन भिंतीपलीकडे. सुट्टीवाला एकजण चेंडू परत द्यायला आला, म्हणाला, ‘आठवड्यापूर्वी रोज दहा यायचे. बरं नाही का कुणाला?’

९ जून

घात झाला. सगळे डावीकडे! एकही मध्याकडे वळेना. जेसी-ॲन म्हणाली, ‘मला जुनंच बरं होतं. निदान चेंडू कुठे जाणार ते माहीत असायचं.’ पिशवी उचलून चालती झाली.

माझीही झोप उडाली. तिची सवय मोडली आणि नवीन बसली नाही, तर मी दोन्ही बाजूंनी तिचं वाटोळं केलं.

११ जून

इश्बेलने आकडे पाहून सांगितलं. झोका सरळ होत चालला होता. चेंडू मध्यावर यायला लागले, भिंतीची भीती गेली, आणि तिने डावीकडे मारणं सोडलं होतं! तोंड डावीकडे, झोका सरळ — मग चेंडू उजवीकडे वळणार कसा? मी जेसी-ॲनला म्हटलं, ‘मास्तर सांगायचे तसंच मार. सुळक्याकडे. जोरात. त्यांचं अर्धं बरोबर होतं.’

तिने माझ्याकडे पाहिलं. ‘हे तुम्ही म्हणताय?’

‘मी म्हणतेय.’

विसातले सतरा.

२० जून

उद्या. सँडविच केली, काकडीची आणि अंड्याची. विनीचा फोन: ‘खुर्च्या मोजून ठेवल्यास का?’ मी म्हटलं, दर वर्षी मोजतो. ‘या वर्षी आपल्या मोज!’

२१ जून, शनिवार

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी समुद्रावरून धुकं. दहाला उडालं. पोर्टगार्वीच्या बायका गाडीतून उतरल्या त्या थेट किटली घेऊनच. डोरीन बॅल्फूर, त्यांची कॅप्टन, आरशासारखी चमकवून घेऊन आली होती. ‘आजच्यापुरतीच आणलीय हं! संध्याकाळसाठी आमच्याकडे खिळा ठोकून ठेवलाय.’

दुपारी तीनपर्यंत दोन-दोन. विनी जिंकली! अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. बादल्यांमुळे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. आमच्या दोघी हरल्या, पण शेवटच्या होलपर्यंत लढून. आणि शेवटी उरला जेसी-ॲन विरुद्ध डोरीनचा सामना. सतरा होल झाले, बरोबरी. अठरावं बघायला दोन्ही गावं आली होती. मी फटका मारायच्या जागेच्या जरा मागे उभी होते, इश्बेल शेजारी. तिने माझी बाही धरली होती. तिला कळलं नसावं.

डोरीनने मारला. मधोमध. टाळ्या.

जेसी-ॲन उभी राहिली. पाय डावीकडे, नेहमीसारखे. पोर्टगार्वीच्या बायका भिंतीकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. एक तर हळूच म्हणाली, ‘गाड्यांमधली माणसं बाहेर काढा गं कुणीतरी.’ डोरीन लांबूनच म्हणाली, ‘चहाला साखर दोन ना, जेसी-ॲन? उभ्याने गोड लागतो जरा.’

जेसी-ॲनने चेंडूवरची नजर काढली नाही. मुठीवर हात फिरवला. बोटभर.

चेंडू सुळक्याकडे निघाला. सरळ सुळक्याकडे! दोन्ही गावांनी श्वास रोखला. तिचा चेंडू त्या दिशेला जाताना कुणी पाहिलाच नव्हता. डावीकडे, डावीकडे, आता गवतात जातो — आणि वळला. ताटातून कुणी हळूच सरकवावा तसा मध्यावर येऊन उतरला. डोरीनच्या पुढे दहा पावलं!

डोरीनच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. पाहिलं, खोटं कशाला.

मग डोरीनचा फटका वाळूच्या खड्ड्यात. जेसी-ॲनचा हिरवळीवर. डोरीनला पाच लागले. जेसी-ॲनने दोन टोल्यांत आत घातला — शेवटचा टोला हातभर अंतरावरून, आणि तेवढ्यासाठी तिने इतका वेळ घेतला की विनी माझ्या मागे कुजबुजली, ‘घाल की बये, घाल!’ चार. चार!

मग काय झालं ते क्रमाने आठवत नाही. विनीने किटली हिसकावून घेतली. इश्बेल उड्या मारत होती. सुट्टीवाले भिंतीवर चढून ओरडत होते. कुणीतरी माझ्या गालाचा मुका घेतला, माशांचा वास आला म्हणजे तीच. ‘मिस! पास की नापास?’

‘पास,’ मी म्हटलं. ‘काठावर.’

चहा विनीने केला. आम्ही बसलो. सगळ्या बसलो, मीसुद्धा. विनीनेच ओढून बसवलं, ‘अर्धी मॅच हिच्या खडूने मारली.’ पोर्टगार्वीच्या बायका रांगेत उभ्या, कप हातात. डोरीन बाई मोठ्या मनाची निघाली. कप उंच करून म्हणाली, ‘पाय दुखतात गं उभं राहून! एकोणीस वर्षं कशा राहिलात?’

मग डोरीनच म्हणाली, ‘मास्तरांच्या नावाने.’ आमच्या बसलेल्या सगळ्या उठल्या. मीही उठले. आणि मला रडू आलं नाही. छाती भरून आली होती, पण अभिमानाने. झोका त्याचाच होता. दोन्ही गावांनी पाहिला.

२२ जून, रविवार

दुपारी जेसी-ॲन आली होती. आत ये म्हटलं, आली नाही. दारातच उभी राहून बोलली.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात स्ट्रूअन स्टर्लिंग शहरात शिक्षकांच्या मेळाव्याला गेला होता. तिथे त्याने तसली पेटी पाहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, ‘पोरी, मी तुला उलटं शिकवलं. रोनाने मला शहाऐंशी सालीच सांगितलं होतं. उद्यापासून बदलू.’

ती म्हणाली, ‘आधी घरी जाऊन मिसना सांगा, त्यांचं बरोबर होतं म्हणून. मग बदलते. तोवर नाही. हा शब्द.’

तो म्हणाला, सांगतो. दर शुक्रवारी म्हणायचा, या आठवड्यात सांगतो. मग आजारी पडला.

‘तुमच्यासाठी अडून बसले होते, मिस. मग तुम्ही स्वतःच गाडीपाशी येऊन लिंबू मारून दाखवलंत. आता कुणासाठी अडू?’

ती गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत दारात थांबले.

सकाळी बागेतले पहिले वाटाणे काढून ठेवले होते. ते घेऊन पायरीवर बसले आणि सगळे सोलले.